चित्रांचें पुस्तक हालूं लागतें तेव्हां

लहान मुलाच्या हातीं चित्रांचें पुस्तक दिलें म्हणजे तें पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ असें क्वचितच पाहिलें जातें. मूल मधलेंच एखादें पान उघडतें, त्यावरील मांजरावर बोट ठेवतें, चार पानें मागें जातें, पुन्हां त्याच मांजराकडे येतें आणि शेजारीं बसलेल्या माणसास विचारतें, "हें कुठें चाललें?" उत्तर मिळाल्याखेरीज पान उलटूं देत नाहीं. मोठ्या माणसांस हा वेळेचा अपव्यय वाटतो. परंतु चित्रपुस्तकाचा सारा प्राण ह्या रेंगाळण्यांतच आहे. पान केव्हां उलटावयाचें हें ज्याच्या हातीं, गोष्ट त्याच्या ताब्यांत.

तेंच पुस्तक दूरचित्रवाणीच्या पडद्यावर येतें तेव्हां चित्रें बहुधा तींच असतात, गोष्टहि तीच असते. पान उलटणारा हात मात्र बदललेला असतो. ह्या एका फरकामुळें काय सांपडतें आणि काय हरपतें, हें येथें एका प्रसिद्ध उदाहरणावरून पाहावयाचें आहे. उदाहरण विलायतेंतील आहे. पण त्याची पारख विलायतेंतील दिवाणखान्यांत न करतां बुलढाणा जिल्ह्यांतील दुसरबीडसारख्या गांवीं, ओसरीवर बसलेल्या नातवंडाच्या व आजीच्या सोबतीनें केली, तर त्यांतील मर्म अधिक स्पष्ट होतें.

त्याआधीं आपल्याच घरांतील एका जुन्या कलेची आठवण करणें अवश्य आहे. चित्रें दाखवून गोष्ट सांगणें ही कांहीं परदेशांतून आलेली कल्पना नव्हे. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत चित्रांच्या आधारें कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळील पिंगुळी गांवीं ठाकर समाजानें ही चित्रकथी परंपरा आजवर जिवंत ठेविली असून, तेथील परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ सालीं पद्मश्री देऊन तिचा गौरव झाला. रामायण-महाभारतांतील एकेका आख्यानाचीं सुटीं चित्रें, पाठीला पाठ लावून चिकटविलेलीं, एकत्र ठेवलीं कीं त्यांची पोथी होते. चित्रकथी एकेक चित्र श्रोत्यांपुढें धरतो, गातो, मध्येंच गद्यांत बोलतो, आणि साथीदार वीणा, टाळ व हुडुक ह्यांची साथ करतात.

ह्या पोथींतील चित्र हालत नाहीं; हालतो तो सांगणाऱ्याचा आवाज. रावण रथांत बसून निघाला आहे एवढें चित्रांत असतें; रथाचा खडखडाट, घोड्यांचें फुरफुरणें आणि सीतेचा आक्रोश हीं त्या आवाजांत असतात. शिवाय चित्रकथी समोरच्या तोंडांकडे पाहत असतो. मुलें घाबरलीं तर तो चित्र लवकर बदलूं शकतो, हंसलीं तर तेंच चित्र आणखी थोडा वेळ धरूं शकतो. म्हणजे पान उलटणारा हात येथें मुलाचा नसला, तरी तो मुलाला पाहणारा आहे. पुस्तक आणि पडदा ह्यांच्या बरोबर मधली अशी ही पायरी आहे.

आतां पडद्यावर चित्र हालतें कसें, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कारण पुष्कळ सुशिक्षित घरांतहि ह्याविषयीं 'संगणक करतो' ह्यापलीकडे उत्तर मिळत नाहीं. संगणक आला तो फार मागाहून. आपली दृष्टि दर सेकंदास एकामागून एक येणारीं चोवीस चित्रें निरनिराळीं ओळखूं शकत नाहीं. तीं तिला एकच सलग हालचाल म्हणून दिसतात. दादासाहेब फाळके ह्यांनीं १९१२ सालीं, 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वीं, कुंडींत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपट्याचें थोड्या-थोड्या अंतरानें एकेक चित्र महिन्याहून अधिक काळ घेतलें आणि तीं सर्व सलग दाखवून अंकुर डोळ्यांदेखत वाढविला. हीच युक्ति त्यांनीं १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' ह्या लघुपटांत काड्यांवर योजिली. पुढें १९३४ सालीं पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनें 'जंबू काका' हा रेखाचित्रांचा पट काढला. काडीच्या जागीं कागदावरील रेघ आली, एवढाच काय तो फरक. चित्रकार हात वर नेणाऱ्या माणसाचीं दहा-बारा चित्रें काढतो, प्रत्येकांत हात केंसभर वर, आणि कॅमेरा तीं एकेक करून टिपतो. काम कष्टाचें आणि चिकाटीचें. पण त्यांत जादू म्हणून कांहीं नाहीं.

एवढी तयारी झाल्यावर मूळ उदाहरणाकडे वळूं. इंग्लंडांत रेमंड ब्रिग्ज ह्या चित्रकारानें १९७८ सालीं 'द स्नोमॅन' म्हणजे 'बर्फाचा माणूस' ह्या नांवाचें मुलांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. ह्या पुस्तकांत शब्द नाहींत. ह्याच्या आदल्या वर्षीं त्याचें जें पुस्तक निघालें होतें, तें चिखल, शेवाळें आणि भरमसाट मजकूर ह्यांनीं गच्च भरलेलें होतें. दोन वर्षें त्यांत घालविल्यावर आपणांस कांहींतरी स्वच्छ, मोकळें आणि शब्दाविण असें करावेंसें वाटलें, असें त्यानेंच पुढें सांगितलें. रंगीत पेन्सिलींनीं काढलेलीं मऊ, धुकट चित्रें एकेका पानावर चौकटींचौकटींनीं मांडलेलीं आहेत. एक मुलगा सकाळीं उठतो, बर्फ पडलेला पाहतो आणि अंगणांत बर्फाचा माणूस करतो. रात्रीं तो माणूस जिवंत होतो. मुलगा त्याला घरांत आणतो, दिवा, शेगडी, वडिलांचे कपडे असें सारें दाखवितो, दारांतल्या मोटारींत बसवितो, जेवूं घालतो. मग बर्फाचा माणूस मुलाचा हात धरून आकाशांत उडतो. दोघे समुद्रकांठापर्यंत जातात आणि उजाडण्यापूर्वीं परततात. सकाळीं मुलगा धांवत बाहेर येतो, तों अंगणांत एक टोपी, एक गळपट्टा आणि बर्फाचा लहानसा ढीग. मुलाची पाठ आपल्याकडे आहे. पुस्तक संपलें.

तो रडतो कीं नाहीं, हें चित्रकारानें दाखविलेलें नाहीं. पाठमोरें मूल काढण्यांत मोठें धैर्य आहे. चेहरा दाखविला असता तर दुःख चित्रांतल्या मुलाचें झालें असतें; पाठ दाखविली म्हणून तें पाहणाऱ्याचें होतें.

चार वर्षांनीं, १९८२ सालीं, ह्या पुस्तकावरून हालत्या चित्रांचा सव्वीस मिनिटांचा पट तयार झाला. ब्रिटनमध्यें 'चॅनल फोर' ही दूरचित्रवाणीची नवी वाहिनी त्याच वर्षीं २ नोव्हेंबरला सुरू झाली होती. तिनें २६ डिसेंबरला तो प्रथम दाखविला. (आपल्याकडे रंगीत दूरचित्रवाणी आली ती ह्याच वर्षीं.) निर्माता जॉन कोट्स, दिग्दर्शिका डायॅन जॅक्सन आणि संगीतकार हॉवर्ड ब्लेक. पट पुढें ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोंचला, आणि ब्रिटनमध्यें नाताळांत तो दाखविण्याची प्रथाच पडली.

पट करणारांपुढील पहिली अडचण पेन्सिलीची होती. कार्टूनांत साधारणतः काळी ठळक रेघ आणि आंत सपाट रंग असतो, कारण हजारों चित्रें अनेक हातांनीं काढावयाचीं असतात आणि सपाट रंग सर्वांना सारखा भरतां येतो. सेकंदास बाराच चित्रें धरलीं तरी सव्वीस मिनिटांस अठरा हजारांवर चित्रें होतात! तरीहि त्या मंडळींनीं सोपी वाट टाकून पुस्तकाप्रमाणें रंगीत खडूंनीं व पेन्सिलींनींच चित्रें रंगविलीं. एकदां मारलेला पेन्सिलीचा हात पुढच्या चित्रांत हुबेहूब येत नाहीं, त्यामुळें पडद्यावर रंग सारखा थरथरतो. दुसऱ्या एखाद्या पटांत हा दोष ठरला असता. येथें त्या थरथरीमुळें सारें दृश्य भुरभुरणाऱ्या बर्फांतून पाहिल्यासारखें दिसतें. पुस्तकाशीं इमान राखणें म्हणजे काय, ह्याचें हें उत्तम उदाहरण होय. कथानकाची नक्कल करण्यापेक्षां चित्रकाराच्या हाताचा स्पर्श जपणें त्यांना महत्त्वाचें वाटलें.

दुसरी गोष्ट शब्दांची. पटाच्या आरंभीं थोडेंसें निवेदन आणि मध्यंतरीं उड्डाणाच्या वेळीं एका मुलाच्या आवाजांतील गीत, एवढें सोडल्यास पटांतहि शब्द नाहींत. पैसे घालणाऱ्या संस्थांची नेहमींची समजूत अशी कीं मुलांना गप्प पडदा सोसत नाहीं, कुणीतरी अखंड बोलत राहिलें पाहिजे. ह्या पटानें ती समजूत खोटी पाडली. शब्दांचें काम संगीतानें केलें: पाऊल टाकलें कीं एक स्वर, दार उघडलें कीं दुसरा. आणि उड्डाण, जें पुस्तकांत थोडक्या पानांत आटोपतें, तें येथें गीताच्या आधारें कांहीं मिनिटें चालतें. हा पटाचा निर्विवाद लाभ आहे. उडण्याचा आनंद कागदावर सूचित करतां येतो. पडद्यावर पोटांत गोळा येतो.

पण कांहीं बदल असेहि झाले कीं ज्यांविषयीं मतभेद आहे. पुस्तकांत नाताळाचा मागमूस नाहीं. तें हिवाळ्यांतील एका रात्रीचें पुस्तक आहे. पटांत मात्र मुलगा व बर्फाचा माणूस थेट उत्तर ध्रुवाकडे जातात, तेथें बर्फाच्या माणसांचा मेळा भरलेला असतो, नाताळबाबा भेटतो आणि मुलास एक गळपट्टा भेट देतो. पुस्तकांतील दारांतली मोटार जाऊन मोटारसायकल आली, ती अर्थातच पळविण्यासाठीं. ब्रिग्जला नाताळबाबाची भर मुळीं रुचली नव्हती; पुढें मात्र, त्यावांचून सव्वीस मिनिटें भरलीं नसतीं आणि पट जमला आहे, हेंहि त्यानें मोकळेपणानें मान्य केलें.

शेवट तर अधिक विचार करण्यासारखा आहे. पटांतहि बर्फाचा माणूस वितळतोच. पण मुलगा खिशांत हात घालतो, तों रात्रीं मिळालेला गळपट्टा हातास लागतो. म्हणजे तें स्वप्न नव्हतें! पुस्तकानें मुलास रिकाम्या हातानें उभें केलें होतें. पटानें त्याच्या हातीं एक खूण दिली. २०१२ सालीं पहिल्या पटास तीस वर्षें झाल्यानिमित्त दुसरा पट निघाला, त्यांत तर बर्फाच्या कुत्र्याला जादूचा पट्टा मिळून तो खराखुरा कुत्रा होतो आणि वितळण्यांतूनच सुटतो. पडद्याला रिकामा हात सोसत नाहीं, असा ह्याचा अर्थ घ्यावा लागतो. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मूल हवा तितका वेळ थांबूं शकतें, हवें तर पहिल्या पानावर जाऊन बर्फाचा माणूस पुन्हां उभा करूं शकतें. पडद्यावर शेवट झाला कीं दुसऱ्याच क्षणीं जाहिरात लागते. तेव्हां मुलास एकटें सोडण्यापूर्वीं त्याच्या हातांत कांहींतरी ठेवावें असें पट करणारांस वाटलें असेल, तर त्यांस दोष देतां येत नाहीं. तथापि पुस्तकाचा शेवट अधिक खरा आहे.

आतां दुसरबीडकडे येऊं. सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हें गांव. येथील मुलानें पडणारा हिमवर्षाव पाहिलेला नसतो. मग अशा मुलास हें पुस्तक वा हा पट काय सांगणार, अशी शंका कुणीहि घेईल. पण शंका घेणारास मुलांचें जग ठाऊक नाहीं. ह्या भागांत उन्हाळ्याच्या तोंडाशीं गारपीट होते. शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणारी ती आपत्ति, पण पोरें अंगणांत धांवून गारा मुठींत धरतात, आणि मूठ उघडीपर्यंत पाणी होतें. जत्रेंतला बर्फाचा गोळा काडीवरून गळूं लागला कीं किती घाईनें चोखावा लागतो, हेंहि त्यांना ठाऊक असतें. वितळणें त्यांना शिकवावें लागत नाहीं.

त्याहून जवळची गोष्ट म्हणजे, हातानें घडविलेली प्रिय मूर्ति दुसऱ्या दिवशीं नाहींशी होते हा अनुभव इंग्लंडांतील मुलापेक्षां आपल्या मुलास अधिक परिचयाचा आहे. पोळ्याला मातीचे बैल येतात. विदर्भांत मुली भुलाबाई मांडतात, रोज गाणीं म्हणतात, आणि कोजागिरीला तिला निरोप देतात. गणपति तर घरोघर जातो, आणि विसर्जनाहून परततांना पाटावर नदीची थोडी वाळू वा माती घरीं आणण्याची पुष्कळ ठिकाणीं रीत आहे. पटांतला तो गळपट्टा आणि पाटावरची ही वाळू ह्यांत फारसें अंतर नाहीं. विलायतेंतील पट करणारांनीं जें सुचविलें, तें आपल्या रीतींत आधींच बसलेलें होतें. फरक इतकाच कीं आपल्याकडे मूर्ति जाते तेव्हां सारें घर आणि सारी आळी बरोबर असते; ब्रिग्जचा मुलगा अंगणांत एकटा उभा आहे.

ह्या पुस्तकांत शब्द नसल्यामुळें दुसरबीडच्या ओसरीवर तें आपोआप तेथील बोलींतलें होतें. आजी चित्राकडे पाहते, चष्मा सांवरते आणि आपल्या वळणानें सांगूं लागते. बर्फाचा माणूस तिच्या तोंडीं पाहुणा होतो, स्वयंपाकघरांत त्याला शेगडीजवळ जाऊं नको म्हणून ती दटावते. आजीस इंग्रजी येत नाहीं, क्वचित् वाचतांहि येत नसेल. तरी ह्या पुस्तकापुढें ती निरक्षर ठरत नाहीं. शब्दांच्या पुस्तकानें तिचें तोंड बंद केलें असतें. पटहि नि:शब्द असल्यामुळें तिला बोलावयास जागा आहे. फक्त तिला आतां पडद्याच्या वेगानें बोलावें लागतें, आणि नातवाच्या प्रश्नास उत्तर देईपर्यंत मोटारसायकल रानांत पोहोंचलेली असते. अर्थात् हल्लीं पट थांबविण्याची कळ घरोघर असते. ती दाबणारा हात हा एका अर्थीं चित्रकथ्याचाच हात होय.

बोलक्या कार्टूनांत ही सोय राहत नाहीं, आणि खरी चिंता तेथें आहे. १९६७ सालीं अनंत पै ह्यांनीं दिल्लींत दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजुषा पाहिली; ग्रीक पुराणें जाणणाऱ्या मुलांना रामाच्या आईचें नांव सांगतां आलें नाहीं, आणि त्यांतून मुंबईच्या 'अमर चित्र कथा' मालेची कल्पना त्यांना सुचली ही हकीकत सर्वश्रुत आहे. २०१० च्या अखेरीस त्याच कथा हालत्या चित्रांच्या रूपानें कार्टून नेटवर्क वाहिनीवर आल्या. ज्या पडद्यानें पुस्तकें काढावयास लाविलीं त्याच पडद्यावर पुस्तकें गेलीं! पण पुस्तकांतील भीमाचा आवाज प्रत्येक घरीं निराळा असतो. वडील एका तऱ्हेनें गर्जतात, आजोबा दुसऱ्या. पडद्यावरील भीमाचा आवाज एकच, आणि भाषाहि त्याचीच. आपल्या मुलांच्या वाहिन्यांवर ती भाषा अनेक वर्षें मुख्यतः हिंदीच होती. वऱ्हाडांतील चार वर्षांचें पोर रागावलें म्हणजे कार्टूनांतल्या हिंदींत रागावतें, हा अनुभव कुठल्याहि पालकास विचारावा. हिंदी येणें चांगलेंच. पण रुसणें, रागावणें आणि लाड करून घेणें ह्यांची भाषा घरांत बसलेल्या माणसांची नसावी, ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं.

मराठींत प्रयत्न झालेच नाहींत असें नाहीं. पुण्यास १९८४ सालीं 'बालचित्रवाणी' ही संस्था निघाली; मुलांसाठीं मराठींतून शैक्षणिक कार्यक्रम करून ते दूरदर्शनवरून दाखविण्याचें काम तिनें पुष्कळ वर्षें केलें. २०१७ सालीं ती बंद झाली. चित्रपुस्तकांचें मात्र बरें चाललें आहे. माधुरी पुरंदरे ह्यांचीं 'राधाचं घर' मालेंतील लहान पुस्तकें किंवा त्यांचें 'चित्रवाचन' हें पुस्तक ज्या घरीं आहे, तेथें हें रेंगाळणें अजून ऐकूं येतें. नांवाप्रमाणें 'चित्रवाचन' हें चित्रांचेंच वाचन आहे. एकेका मोठ्या चित्रांत इतकीं माणसें आणि इतकी गडबड, कीं दोघांनीं मिळून पाहिलें तर दोघांस निराळ्या गोष्टी सांपडतात. असें एखादें पुस्तक पडद्यावर नेण्याचें कुणी मनावर घेतलें, तर पहिला प्रश्न पैशाचा येईल, दुसरा चित्रकारांचा. तिसरा प्रश्न, चित्रांवर किती बोलावयाचें आणि कोठें गप्प राहावयाचें हा, बहुधा कुणी विचारणार नाहीं. आणि तो 'स्नोमॅन' करणारांनीं सर्वांत आधीं विचारला होता.

रेमंड ब्रिग्ज ९ ऑगस्ट २०२२ रोजीं वारला. बर्फाचा माणूस वितळला, आईवडील गेले, फुलें सुकतात, तसेंच हें, सुखान्त आपण करीत नाहीं, अशा आशयाचें तो बोलून गेला होता. त्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानाशीं आल्यावर ओसरीवरचें मूल विचारतें, "तो कुठें गेला?" आजी एके दिवशीं सांगते, पाणी होऊन विहिरींत गेला, दुसऱ्या दिवशीं सांगते, ढगांत गेला, पावसाळ्यांत येईल. नातू म्हणतो, काल तर विहिरींत सांगितलेंस. मग दोघांचें भांडण होतें आणि पुस्तक पुन्हां पहिल्या पानापासून उघडलें जातें.